बाटलीची मागची बाजू

मंदाताई आंब्रे कुणाच्याही घरी गेल्या की हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये जात आणि बराच वेळ बाहेर येत नसत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंची तब्येत बरी नसावी. आम्हा जुन्यांना माहीत होतं की आत शाम्पूच्या बाटल्यांचं वाचन चाललेलं आहे. बाहेर आल्या की चहाचा कप हातात घेत त्या यजमानीणबाईंना शांतपणे सांगत, "तुमचं ते हिरवं तेल संपवून टाका. मागे कुणाचं नावच नाही त्याच्यावर." यजमानीणबाईंनी ते तेल जेद्दाहून मुद्दाम मागवलेलं असायचं. त्यांचा चेहरा पडायचा. मंदाताईंच्या ते गावीही नसायचं.

बाटलीची पुढची बाजू त्यांनी आयुष्यात कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. पुढे फुलं असतात, बाई असते, केस असतात. मंदाताई बाटली उचलायच्या तीच उलटी. चष्मा कपाळावरून नाकावर यायचा, ओठ हलायला लागायचे आणि तेवढ्यापुरता त्यांचा जगाशी संबंध तुटायचा. दुकानातला यमनी पोरगा त्यांना बिचकून असे. एकदा तो मला म्हणाला, ही बाई बिस्किटं घेते की कुराण वाचते?

त्या मूळच्या चिपळूणजवळच्या. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लोटे गावातल्या एका कारखान्यात लॅबमध्ये होत्या. नवरा सौदी अरेबियातल्या ताइफच्या सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायला लागला आणि त्याच्या मागोमाग त्या इथे आल्या. पुढची बरीच वर्षं स्वयंपाकघर आणि मुलगा निखिल यांत गेली. मग इकडे बायकांसाठी कचेऱ्यांची दारं उघडायला लागली आणि एक दिवस मंदाताई काळा पायघोळ अबाया घालून, पायांत कोकणातल्यासारख्या साध्या चपला, अशा आमच्या कंपनीत हजर झाल्या. आमची कंपनी ताइफच्या गुलाबाचं पाणी, अत्तर, साबण असला माल बाहेर पाठवते. माझं काम जहाजाच्या आणि विमानाच्या कागदांचं. त्यांचं काम मालाच्या तपासणीचं. टेबलं शेजारी शेजारी. त्यामुळे गेली काही वर्षं रोज त्यांच्या डब्यातलं ताक आणि त्यांची मतं या दोन्ही गोष्टी मला फुकट मिळत आल्या.

आधी आमचा माल कुवेत, बहारीन असा आसपास जायचा. मग मालकांना युरोपाचे वेध लागले. तिथल्या नियमांचा गठ्ठा आला तेव्हा आम्ही बाकीचे तो एकमेकांच्या टेबलावर ढकलत होतो. मंदाताईंनी तो घरी नेला आणि तब्बल आठवडाभर वाचून परत आणला. नव्या सुनेचं कौतुक करावं तसं त्या त्याचं कौतुक करत होत्या. मला म्हणाल्या, "सुधीर, किती शहाणी माणसं आहेत बघ. दारात एकदाच चपला काढायच्या. मग घरभर हिंडा, कुठल्याही खोलीत जा, कुणी अडवणार नाही."

हे त्यांचं एकत्रित युरोपीय बाजाराचं वर्णन. एवढे सगळे देश, पण साबणाला, अत्तराला नियम एकच. एका देशात माल रीतसर आत गेला की पुढच्या देशाने "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणून नाक मुरडायचं नाही. मात्र दारातली तपासणी कडक. काय घातलंय ते लिहा. गुलाबातच जन्मतः असलेली, पण एखाद्याच्या अंगाला खाज आणू शकतील अशी द्रव्यंसुद्धा नावानिशी लिहा. कुठल्या घाण्याचा माल, कुठल्या दिवशीचा, ते सांगता आलं पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, युरोपात राहणारा एक जबाबदार माणूस दाखवा. त्याचं नाव आणि पत्ता बाटलीवर पाहिजे. काही बिघडलं तर लोक त्याच्या दारात जातील.

या शेवटच्या नियमावर मंदाताईंचा फार जीव जडला. आमच्या मालासाठी ही जबाबदारी रॉटरडॅमच्या एका बाईंनी घेतली होती. मंदाताई त्यांना कधी भेटल्या नव्हत्या, पण घरच्या जाऊबाईंविषयी बोलावं तसं त्यांच्याविषयी बोलायच्या. "आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना, तसंच आहे हे," त्या म्हणायच्या. "लग्नकार्यात शंभर घरची पातेली एकत्र येतात, पण सांडलं कुठलं, पोचा आला कुठल्याला, ते कळतं. नाव असलं की माणूस नीट वागतो."

एवढ्यावर थांबत्या तर त्या मंदाताई कसल्या. त्या वर्षी ताइफमधल्या मराठी मंडळींची दिवाळी डॉक्टर देशमुखांकडे होती. आमच्यात निम्मे डॉक्टर आणि नर्सेस, उरलेले माझ्यासारखे. प्रत्येक घरून एक फराळाचा जिन्नस. मंदाताईंनी आदल्या आठवड्यात घरोघर चिकटवायच्या चिठ्ठ्या पोचत्या केल्या. पदार्थाचं नाव, आत काय काय, कधी केला आणि खाली एक रिकामी ओळ: जबाबदार व्यक्ती. बायका हसल्या, थोड्या चिडल्या, पण मंदाताईंना नाही कोण म्हणणार. दिवाळीच्या दिवशी टेबलावर डबे ओळीनं लागले. चिवड्यावर मनीषा, म्हणजे माझी बायको. चकल्यांवर नर्स शिंदे. मंदाताई चष्मा लावून एकेक डबा वाचत निघाल्या आणि शंकरपाळ्यांपाशी थांबल्या. जिन्नस सगळे लिहिले होते, तारीखही होती, फक्त शेवटची ओळ कोरी.

त्या शंकरपाळ्या खुद्द देशमुखवहिनींच्या. गेली कित्येक वर्षं त्यांच्या खुसखुशीतपणाची ख्याती जेद्दापर्यंत पोचली होती. मंदाताईंनी निरागसपणे विचारलं, वहिनी, नाव राहिलंय का? डॉक्टर देशमुख पंख्याकडे बघायला लागले. शेवटी वहिनी स्वतःच हसत सुटल्या आणि म्हणाल्या, जेद्दाच्या शराफिया भागातल्या त्या केरळी बेकरीवाल्याचं नाव मला माहीत नाही हो, नाहीतर लिहिलं असतं. त्या दिवशी इतकं हसू झालं की शंकरपाळ्या सर्वांत आधी संपल्या. गंमत म्हणजे त्यानंतर दर दिवाळीला त्या डब्यावर "जबाबदार व्यक्ती: शराफिया" असं लिहून यायला लागलं आणि मंदाताई ते वाचून समाधानानं मान हलवायच्या.

आता त्यांच्या विरजणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इथे दह्याला तोटा नाही. दुकानात शेल्फंच्या शेल्फं भरलेली असतात. पण मंदाताईंच्या घरचं दही त्यांच्या आईच्या विरजणाचं होतं. पहिल्यांदा इकडे येताना आईनं स्वच्छ पांढरा रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवून दिला होता. इथे आल्यावर त्यांनी तो कोमट दुधात भिजत घातला, आणि दही लागलं. तेव्हापासून रोज रात्री वाटीभर मागे ठेवून विरजण चालू. विमानतळावर तो रुमाल कुणाला दाखवला होता का, असं मी एकदा विचारलं. मंदाताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, तेव्हा मी लहान होते रे. तेव्हा त्यांना एक मुलगा होता.

ताइफला थंडी असते. जानेवारीत दही लागता लागत नाही, नुसतं अदमुरं राहतं. त्या दिवसांत मंदाताई दह्याचं भांडं आंब्र्यांच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून ठेवायच्या आणि आंब्रे उघड्या गळ्यानं इस्पितळात जायचे. गावात कुणी नवं मराठी कुटुंब आलं की दुसऱ्या दिवशी मंदाताई वाटी घेऊन हजर. त्यामुळे ताइफमधल्या जवळजवळ सगळ्या मराठी घरांचं दही एकाच चवीचं होतं. आमच्या लेकीला, इराला तर बाकीचं दही दहीच वाटत नाही. "This is not curd, पप्पा, यह तो कुछ और है," असं म्हणून ती दुकानाचा डबा बाजूला सारते.

आणि एकदा ते विरजण मोडलं. मंदाताई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होत्या. बायको घरी येणार म्हणून आंब्र्यांना प्रेमाचं भरतं आलं. आंब्रे म्हणजे अतिशय गरीब, कमी बोलणारा, टापटिपीचा माणूस. त्यांनी घर झाडलं, पडदे धुतले, फ्रिज पुसला आणि आतली सगळी भांडी लखलखीत घासून पालथी घातली. मंदाताई घरी आल्या, पाणी प्यायल्या, फ्रिज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि चिपळूणला भावाच्या घरातलं विरजणही महापुरात बुडालं होतं. वहिनी आता पिशवीतलं दही आणत होती. आंब्र्यांना आपण काय केलं ते कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि रडले. एक्स-रे काढणारा तो शांत माणूस रडताना मी बघितला, कारण आम्ही भेटायला गेलो होतो.

मनीषा उठली. आमचं घर पलीकडच्या गल्लीत. ती वाटी घेऊन आली आणि मंदाताईंच्या ओट्यावर ठेवली. मंदाताईंनी बोटाच्या टोकानं चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, आहे, आहे. मग आंब्र्यांकडे वळून म्हणाल्या, पडदे छान धुतलेत हो. मला तेव्हा त्या फार आवडल्या.

अबू फहद हे ताइफजवळच्या हदाच्या घाटमाथ्यावरचे जुने गुलाबवाले. वाकडीतिकडी वळणं चढून गेलं, रस्त्याकडेची माकडं चुकवली की त्यांचं शेत. वसंतात पहाटेच्या काळोखात गुलाब खुडायचे, ऊन चढायच्या आत तांब्याच्या हंड्यांत पाण्यासकट घालून खाली जाळ करायचा. वाफेचं होतं ते गुलाबपाणी, वर तरंगतं ते अत्तर. अत्तर तिकडे अजून तोळ्यावरच विकतात. तोळा हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मंदाताईंना माहेरचा माणूस भेटल्यासारखं झालं होतं. युरोपाला तोळा चालत नाही, मिलिलिटर लागतात. मंदाताईंनी नियम धुंडाळून शोधून काढलं की वर ठळक मिलिलिटर असतील तर खाली बारीक अक्षरात तोळा लिहायला हरकत नाही. तो तोळा टिकवला म्हणून अबू फहद त्यांना मानायला लागले. उम्म निखिल म्हणून हाक मारायचे, निखिलची आई. सोबत त्यांची मुलगी नूरा असायची. तिलाही रसायनशास्त्र येत होतं आणि ती मंदाताईंच्या मागेमागे असायची.

अबू फहदच्या आजोबांपासून त्या घराचं गुलाबपाणी मोठ्या कॅनांतून जेद्दाच्या एका व्यापाऱ्याकडे जायचं. बाटल्या त्याच्या, नाव त्याचं. हदाच्या त्या घराचं नाव कधी कुठे छापलं गेलं नव्हतं. आता पहिल्यांदा रॉटरडॅमच्या बाई म्हणाल्या होत्या, शेताच्या नावानंच बाटली करू. अबू फहदनी लेबलाचा नमुना बैठकीत भिंतीला टेकवून ठेवला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. बहर थोड्या दिवसांचा असतो. त्याच्या आत सगळे कागद गेले नाहीत तर बाईंच्या यादीतली ती जागा दुसऱ्या देशाच्या गुलाबाला जाणार होती.

कागदांसाठी आम्ही हदाला गेलो तेव्हा रमजान होता. बैठक जमिनीवर, गालिच्यावर. मंदाताई एकेक पायरी विचारत होत्या आणि अबू फहद अभिमानानं सांगत होते. फुलं कुठली, पाणी कुठल्या झऱ्याचं, जाळ किती वेळ. आणि सगळं झाल्यावर त्यांनी सांगितलं की शेवटी तयार पाण्यात ते एक पेला गेल्या वर्षीचं पाणी घालतात. दर वर्षी. वडील घालायचे, आजोबा घालायचे. म्हणजे आजोबांच्या हातचं पाणी अजून या पाण्यात आहे.

मंदाताईंचं पेन थांबलं. युरोपाच्या नियमात प्रत्येक घाण्याला आपापला क्रमांक लागतो, म्हणजे एखादा बिघडला तर तेवढाच परत मागवता येतो. इथे तर प्रत्येक घाण्यात आदल्या सगळ्यांचं थोडं थोडं होतं. शिवाय वर्षभर कपाटात ठेवलेलं पाणी, न उकळता ताज्या पाण्यात. आमचे मॅनेजर हैदराबादचे. बाहेर व्हरांड्यात येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, मॅडम, एक प्याला ही तो है, मत लिखो, खलास. मंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन अबू फहदना सरळ सांगितलं की हा पेला असा घातला तर मी सही करू शकणार नाही.

म्हातारा चिडला नाही, दुखावला. नूराकडे बघून म्हणाला, परदेशी बाई आहे, तिला काय कळणार. आणि भिंतीला टेकवलेलं लेबल त्यानं उचलून गालिच्याखाली सरकवलं. ते मला बघवलं नाही.

परत येताना सगळा घाट मंदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. माझा अंदाज होता की नियमाचा विचार चाललाय. गावात शिरताना म्हणाल्या, "आईनं दिलेलं मोडायला सांगणारी मी कोण रे? पण तिकडे कुणीतरी ते पाणी बाळाच्या तोंडाला लावणार, ते मला ओळखतसुद्धा नाही."

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा वर गेलो, रोजा सोडायच्या वेळेला. मंदाताईंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. खजूर झाले, पाणी झालं, नमाज झाली. मग त्यांनी डबा उघडून अबू फहदपुढे दही ठेवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत, अडेल तिथे नूराच्या मदतीनं, रुमालापासून सगळी हकीकत सांगितली. आंब्र्यांनी भांडी घासली ती, आणि मग विरजण परत मिळालं तेही. परत कुणाकडून मिळालं हे सांगताना माझ्याकडे बोट केलं. तोवर अबू फहदनी माझ्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं मांस वाढलं. आजवर मनीषाच्या पुण्याईवर मी बरंच काही खाल्लं आहे, त्यात ही एक भर.

अबू फहदनी दही चाखलं. मग त्यांच्या आईचं सांगितलं. ती शेळीच्या कातड्याच्या पिशवीत ताक घुसळायची आणि ती पिशवी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. मग त्यांच्या डोळ्यांत एक मिश्कील चमक आली.

"उम्म निखिल," ते म्हणाले, "याच्या घरून दही परत आलं तेव्हा तू त्याच्याकडे कागद मागितलास का?"

बैठकीत सगळे मंदाताईंकडे बघायला लागले. मॅनेजरांनी तर हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला.

"नाही मागितला," त्या म्हणाल्या. "त्याची बायको माझ्या ओळखीची आहे. ओळखीच्या माणसाला चेहरा पुरतो. ज्याला चेहरा दिसणार नाही त्याला कागद द्यावा लागतो."

नूरानं ते अरबीत सांगितलं. मग मंदाताईंनी आपला तोडगा पुढे ठेवला. पेला शेवटी घालू नका. सुरुवातीलाच, जाळ लावायच्या आधी, फुलांबरोबर हंड्यात घाला. म्हणजे तो उकळेल, त्याची वाफ होईल आणि ताज्या पाण्याबरोबर खाली येईल. आदल्या वर्षीच्या पाण्याची मी आधी तपासणी करीन आणि कागदावर जिन्नस म्हणून त्याचं नाव लिहीन, कुठल्या वर्षीचं तेही लिहीन. घालू नका असं नियम म्हणत नाही, घातलेलं सांगा एवढंच म्हणतो. आणि घरच्यासाठी वेगळा हंडा ठेवा. त्यात आजोबा घालायचे तसा शेवटी घाला. त्याच्याबद्दल मी काहीही विचारणार नाही.

मला वाटलं, जमलं. घरचं घरी, बाहेरचं बाहेर, दोघांचा मान राहिला. पण अबू फहदनी मान हलवली.

"दोन पाणी नाही," ते म्हणाले. "पाहुण्याला एक आणि घरच्यांना दुसरं, असं माझ्या आजोबांनी केलं नसतं. सगळ्याच हंड्यांत आधी घालू."

मंदाताईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसायला गेल्या, अबायाला पदर नसतो हे लक्षात आलं, मग तसाच नाकावर ठेवला. नूरानं गालिच्याखालून लेबल काढून पुन्हा भिंतीला टेकवलं.

तपासणी निर्वेध पार पडली. पहाटे पहिल्या हंड्यात पेला ओतताना अबू फहदनी बिस्मिल्ला म्हटलं आणि पेल्यातले शेवटचे दोन थेंब मंदाताईंच्या तळहातावर टाकले. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी संध्याकाळपर्यंत तो हात धुतला नाही. डबासुद्धा डाव्या हातानं खाल्ला, ही गोष्ट कोकणातल्या बाईसाठी लहान नाही.

पुढे रॉटरडॅमच्या बाईंनी व्हिएन्नातल्या एका दुकानातला फोटो पाठवला. शेल्फावर अबू फहदच्या घराच्या नावाच्या बाटल्या ओळीनं उभ्या. रॉटरडॅमच्या दारात चपला काढल्या होत्या आणि आता माल घरभर हिंडत होता. ऑफिसात सगळे खूश झाले, मालकांनी बसबूसा, म्हणजे इकडचा रव्याचा केक, मागवला. मंदाताईंनी फोटो बघितला आणि मला म्हणाल्या, "सुधीर, त्यांना लिही, समोरून काय पाठवलाय, मागून पाठवा." दुसऱ्या दिवशी मागून आला. त्यात जिन्नस होते, घाण्याचा क्रमांक होता, रॉटरडॅमच्या बाईंचं नाव होतं आणि हदाच्या त्या घराचंही. मंदाताईंनी तो मोठा करून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, आता ठीक.

यंदा आंब्रे निवृत्त झाले आणि दोघांनी कायमचं परत जायचं ठरवलं. बाई रडारड करतील असं मला वाटलं होतं. छे. त्या खुशीत होत्या. भांडी वाटली, पडदे मनीषाला दिले, कामाची सगळी सूत्रं नूराच्या हाती दिली. नूरा आता आमच्याकडे त्यांच्या टेबलावर बसते आणि बाटली उलटीच उचलते. एकच गोष्ट मंदाताईंना छळत होती. विरजण कसं न्यायचं? रुमाल वाळवून तयार होता, पण यावेळी त्यांना लपवायचा नव्हता. दुधाच्या पदार्थांबद्दलचे दोन्हीकडचे नियम त्यांनी वाचून काढले. वाळलेल्या रुमालाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. असा प्रकार त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता आणि त्या जगभरच्या नियम करणाऱ्यांवर नाराज होत्या.

आम्ही त्यांना जेद्दाच्या विमानतळावर सोडलं. घाट उतरताना अबू फहदच्या शेताच्या फाट्याला गाडी थांबवली. म्हातारा काठी टेकत उभा होता. त्यांनी मंदाताईंच्या हातात एक बाटली दिली. मंदाताईंनी ती उलटी करून वाचली आणि ते मोठ्यानं हसले. त्या हसल्या नाहीत. बाटली छातीशी धरून बसून राहिल्या, थेट खाली मक्केच्या रस्त्याला लागेपर्यंत.

मुंबईला काय झालं ते आंब्र्यांनी फोनवर सांगितलं. कमी बोलणारा माणूस, पण हे सांगताना त्यांना शब्द आवरेनात. सगळे कस्टमच्या हिरव्या रांगेतून झपाझप बाहेर पडत असताना मंदाताई लाल रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे सोन्याची बिस्किटं घेऊन आलेला एक जण, मागे टीव्हीवाला, मध्ये या. अधिकाऱ्यानं विचारलं, काय आहे? यांनी रुमाल उलगडून सांगितलं, दही आहे, वाळलेलं, माझ्या आईचं, पहिल्यांदा नेलं तेव्हा सांगितलं नव्हतं. त्या अधिकाऱ्यानं रुमाल बघितला, बाईंकडे बघितलं आणि विचारलं, आजी, लागेल का पण हे? मंदाताई म्हणाल्या, ते घरी गेल्यावर कळेल. त्यानं जायला सांगितलं. या मात्र कागद मिळेल का म्हणून उभ्याच. शेवटी आंब्र्यांनी हाताला धरून बाहेर आणलं.

परवा सकाळी मंदाताईंचा व्हिडिओ कॉल आला. चिपळूणला भावाच्या घरी, आईच्या स्वयंपाकघरात त्या उभ्या होत्या. मागे वहिनी, दारात आंब्रे, गळ्यात मफलर नाही. आमच्याकडे मी, मनीषा आणि शाळेच्या गणवेशात इरा एका फोनवर वाकलेलो. मंदाताईंनी एक स्टीलची वाटी उचलली आणि कॅमेऱ्यासमोर तिरकी केली. दही हललं नाही. आणखी तिरकी केली, तरी हललं नाही. इरा एकदम मराठीत म्हणाली, "लागलं." मनीषानं डोळ्यांना ओढणी लावली.

मग मंदाताईंनी सवयीनं ती वाटी फिरवली आणि मागची बाजू आम्हाला दाखवली. वाटी जुनी होती, घासून घासून पांढरी पडलेली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं.